ब्रेडबोर्डवरील ट्रान्झिस्टर स्विच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पदविकेचे व आयटीआयचे विद्यार्थी, विज्ञान प्रदर्शनासाठी उपकरण तयार करणारी शाळकरी मुले आणि ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडावेत म्हणून धडपडणारे काही केळी व कापूस उत्पादक यांच्याकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि गुंतागुंतीचे नंतर घेतले असून, एका उत्तरातील मजकूर दुसरीकडे लागत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

सर्व उत्तरांसाठी ब्रेडबोर्डवरचे, म्हणजे सोल्डर न करता सुटे भाग खोचून जोडण्याच्या छिद्रांच्या पाटीवरचे, एकच नमुना सर्किट गृहीत धरले आहे. त्यातील रिले म्हणजे कॉइलमधून प्रवाह गेला की आतील संपर्क ओढून घेणारा स्विच. १२ व्होल्टच्या आणि ४०० ओहम कॉइलच्या रिलेचे एक टोक १२ व्होल्टला व दुसरे बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडलेले आहे. ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात; बेसला दिलेल्या लहान प्रवाहाने कलेक्टरपासून एमिटरकडे जाणारा मोठा प्रवाह चालू-बंद होतो. एमिटर ग्राउंडला, बेस १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या नियंत्रक बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला, बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहम आणि कॉइलला समांतर १एन ४००७ डायोड, ज्याचा पांढरा पट्टा १२ व्होल्टच्या बाजूला आहे. हे सर्किट कागदावर काढून समोर ठेवले, तर पुढील उत्तरे वाचणे सोपे जाईल.

१. ट्रान्झिस्टर ‘स्विच’ म्हणून वापरायचा म्हणजे नेमके काय? अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तोच ट्रान्झिस्टर असतो ना?

ट्रान्झिस्टर तोच असतो, परंतु त्याला ज्या अवस्थेत ठेवायचे ती अवस्था वेगळी असते. स्विच म्हणून वापरताना आपल्याला दोनच टोके हवी असतात. एक टोक म्हणजे पूर्ण बंद. या वेळी बेसला प्रवाह नसतो आणि कलेक्टरवर जवळपास पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. दुसरे टोक म्हणजे पूर्ण चालू, ज्याला सॅच्युरेशन म्हणतात. या वेळी बेस-एमिटरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट आणि कलेक्टर-एमिटरमध्ये केवळ ०.१ ते ०.२ व्होल्ट उरतात. अ‍ॅम्प्लिफायर या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात काम करतो. स्विचचे बहुतेक बिघाड म्हणजे ट्रान्झिस्टर नको तेव्हा या मधल्या प्रदेशात अडकून पडणे होय, आणि ते केवळ डोळ्यांनी दिसत नाही, मोजावेच लागते.

२. बीसी ५४७ चे पाय कसे ओळखायचे?

सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. बीसी ३३७ आणि बीसी ५५७ यांचा क्रमही हाच आहे. मात्र २एन ३९०४ याचा क्रम याच्या बरोबर उलट, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर असा आहे, आणि प्लास्टिकच्या आवरणातील २२२२ मालिकेत तर उत्पादकागणिक क्रम बदलतो. त्यामुळे बीसी ५४७ काढून त्याच छिद्रांत दुसरा क्रमांक खोचू नये. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत अजूनही भेटणाऱ्या एसएल १०० या धातूच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरमध्ये टोपीच्या कडेला जे लहान टोक बाहेर आलेले असते, त्याच्याजवळचा पाय एमिटरचा असतो आणि धातूची टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते. ती शेजारच्या उघड्या तारेला टेकू देऊ नये. क्रम चुकल्यास काय होते, ते प्रश्न १४ मध्ये पाहावे.

३. बेसचा रेझिस्टर किती ओहमचा घ्यावा? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

प्रत्येकाचा भार, म्हणजे ट्रान्झिस्टरने चालवायचे उपकरण, वेगळा असल्यामुळे आकडा वेगळा येतो. हिशोबाची रीत मात्र एकच आहे. प्रथम भाराचा प्रवाह काढावा. आपल्या रिलेसाठी तो १२ भागिले ४०० म्हणजे ३० मिलिअँपिअर आहे. त्याचा दहावा भाग, म्हणजे ३ मिलिअँपिअर, बेसला द्यावा. पिनच्या व्होल्टेजमधून ०.७ वजा करून या प्रवाहाने भागावे : ५ वजा ०.७ म्हणजे ४.३, आणि ४.३ भागिले ०.००३ म्हणजे सुमारे १४३० ओहम. बाजारात मिळणारी याहून लहान किंमत घ्यावी, १.२ किलोओहम किंवा १ किलोओहम दोन्ही चालतील. नोडएमसीयू या वाय-फाय असलेल्या नियंत्रक बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची असल्यामुळे तेथे हाच हिशोब ८७० ओहमच्या आसपास येतो आणि ८२० ओहम घ्यावा लागतो.

“डेटाशीटमध्ये गेन २०० च्या वर दिला आहे, मग दहानेच का भागायचे?” हा पुढचा प्रश्न हमखास येतो. डेटाशीट म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रक, आणि गेन म्हणजे कलेक्टरचा प्रवाह बेसच्या प्रवाहाच्या किती पट होतो, तो आकडा. डेटाशीटमधील गेन कलेक्टर-एमिटरमध्ये ५ व्होल्ट असताना मोजलेला असतो. सॅच्युरेशनमध्ये तेथे ०.२ व्होल्टच उरतात आणि गेन झपाट्याने घसरतो, म्हणून स्विचच्या हिशोबात डेटाशीटमधील गेनवर विसंबू नये.

५ व्होल्टच्या लहान निळ्या रिलेची कॉइल ७० ओहमची असते आणि ती सुमारे ७१ मिलिअँपिअर घेते. बीसी ५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, त्यामुळे तो चालतो खरा, पण मी तेथे बीसी ३३७ आणि ५६० ओहम वापरण्याचा आग्रह धरतो. आर्डुइनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये, हेही या हिशोबात सांभाळावे.

४. सर, सगळी जोडणी दोनदा तपासली, तरी रिले ओढतच नाही. सुरुवात कुठून करू?

सर्वप्रथम, सुटे भाग बदलणे थांबवावे. नवा ट्रान्झिस्टर, नवा रिले, नवी वायर असे एकामागून एक बदलत गेल्यास मूळ बिघाड सापडत नाही आणि त्या धांदलीत दुसरा तयार होतो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याची काळी टोकदार वायर पुरवठ्याच्या ऋण टोकाला कायम जोडून ठेवावी, पिन ‘हाय’ (५ व्होल्टवर) करावी आणि लाल टोकाने तीन ठिकाणी मोजावे : कॉइलचे वरचे टोक, बेस आणि कलेक्टर. मोजताना टोक ब्रेडबोर्डच्या छिद्रात न खोचता थेट ट्रान्झिस्टरच्या पायाला टेकवावे, कारण छिद्र आणि पाय यांच्यामध्येच संपर्क तुटलेला असू शकतो. योग्य सर्किटमध्ये हे आकडे अनुक्रमे १२, ०.७ आणि ०.१ ते ०.२ येतात. यापेक्षा वेगळे आले, तर पुढीलप्रमाणे अर्थ लावावा.

बेसवर शून्य आहे. १ किलोओहमच्या पिनकडील टोकावरही शून्य असेल, तर दोष प्रोग्रॅममध्ये, पिन क्रमांकात किंवा जंपर वायरमध्ये आहे. त्या टोकावर ५ व्होल्ट आहेत आणि बेसवर शून्य, असे असेल, तर ट्रान्झिस्टर उपटून त्याच जागी पुन्हा मोजावे. आता सुमारे ४.५ व्होल्ट दिसले, तर रेझिस्टर चांगला असून ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर आतून शॉर्ट झाला आहे. तरीही शून्यच दिसले, तर रेझिस्टर तुटलेला आहे, त्याचा पाय छिद्रात नीट बसलेला नाही किंवा बेसची ओळ कोठेतरी ग्राउंडला टेकली आहे.

बेसवर ०.७ ऐवजी चार-पाच व्होल्ट आहेत. चांगल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर असे होऊच शकत नाही, म्हणून हा आकडा फार मोलाचा आहे. पूर्ण ५ व्होल्ट असतील, तर एमिटरची ओळ ग्राउंडपर्यंत पोहोचलेली नाही. ४.५ व्होल्ट असतील, तर १० किलोओहम ग्राउंडला जोडलेला आहे, पण ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड उघडा आहे. म्हणजे तो जळाला आहे किंवा त्याचा पाय छिद्रात पकडला गेलेला नाही. १ आणि १० किलोओहम यांच्यात ५ व्होल्ट विभागले गेले की ४.५ उरतात, एवढेच त्यामागचे गणित आहे.

बेसवर ०.७ आणि कलेक्टरवर पूर्ण १२ व्होल्ट आहेत. बहुधा ट्रान्झिस्टरचा कलेक्टरचा पाय शेजारच्या ओळीत गेलेला असतो आणि आपण मोजत असतो ते कॉइलकडील ओळीवर.

बेसवर ०.७ आणि कलेक्टरवर ४ ते ९ व्होल्ट आहेत. ट्रान्झिस्टर अर्धवट चालू आहे. बेसचा रेझिस्टर फार मोठा आहे (प्रश्न ३) किंवा कलेक्टर व एमिटर उलट लागले आहेत (प्रश्न १४). तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम आणि तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलोओहम. ट्यूबलाइटच्या उजेडात या दोन रंगांची गफलत मी स्वतः केली आहे आणि एक अख्खी दुपार त्यात घालवली आहे.

बेसवर ०.७, कलेक्टरवर ०.१, तरीही रिले शांत आहे. ट्रान्झिस्टरने आपले काम केले आहे. आता कॉइलच्या वरच्या टोकावर खरोखर १२ व्होल्ट आहेत का, ते पाहावे. नसतील, तर पुरवठाच तेथे पोहोचलेला नाही (प्रश्न ६). असतील, तर पुरवठा काढून कॉइलचा रोध मोजावा. तो ४०० ओहमच्या जवळपास न येता अनंत आला, तर कॉइल तुटली आहे किंवा आपण रिलेच्या चुकीच्या पिना वापरत आहोत.

५. आर्डुइनोला यूएसबी आणि रिलेला वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर दिला आहे. दोघांचे ग्राउंड जोडायचे की नाही?

जोडलेच पाहिजेत. बेसमधून शिरलेला प्रवाह एमिटरमधून बाहेर पडून आर्डुइनोच्या ग्राउंडला परतला, तरच ते वर्तुळ पूर्ण होते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत याच एका तुटलेल्या तारेच्या तक्रारी सर्वांत जास्त असतात. धन टोके मात्र एकमेकांना कधीही जोडू नयेत. ऑप्टोकप्लर (प्रकाशाने संकेत पोहोचवणारा भाग) वापरून दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या ठेवल्या असतील, तर तो अपवाद आहे आणि तेथे ग्राउंड जोडल्यास ऑप्टोकप्लरचा उद्देशच संपतो.

६. ब्रेडबोर्डच खराब असू शकतो का?

असू शकतो, आणि नवा असतानाही असू शकतो. लांब ब्रेडबोर्डच्या कडेला असलेल्या पुरवठ्याच्या पट्ट्या काही बोर्डांत मध्यभागी तुटक असतात. लाल-निळी रेघ मध्येच खंडित दिसली की तेथे छोटी तार टाकून दोन्ही अर्धे जोडावेत. मधल्या भागात पाच-पाच छिद्रांची एक ओळ आतून जोडलेली असते आणि मधल्या खाचेपलीकडची ओळ तिच्यापासून स्वतंत्र असते, हे नवख्यांच्या ध्यानात राहत नाही.

दुसरे कारण ढिले झालेले संपर्क. १एन ५४०८ सारख्या मोठ्या डायोडचे जाड पाय एकदा दाबून बसवले की आतील पत्र्याचा चिमटा फाकतो आणि पुढे त्या छिद्रात बीसी ५४७ चा बारीक पाय नुसता लोंबकळत राहतो. वायर हलवली की रिले खडखडतो, असे होत असेल, तर त्या ओळीवर खूण करून ती सोडून द्यावी. रिलेच्या स्वतःच्या पिना ब्रेडबोर्डात नीट बसत नाहीत. त्यांना एकसंध तारेचे तुकडे सोल्डर करून घ्यावेत. शेवटचे म्हणजे १ अँपिअरच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा प्रवाह ब्रेडबोर्डमधून नेऊ नये.

७. बेसची वायर काढून टाकली तरी एलईडी मंद पेटतो आणि बोट लावले की जास्तच पेटतो. असे का?

वायर काढली म्हणजे बेस शून्यावर गेला, असे होत नाही. तो अधांतरी राहतो. आपल्या शरीरावर घरातील ५० हर्ट्झच्या वीजवाहिन्यांमुळे अल्प व्होल्टेज उमटलेले असते आणि बोटातून येणारा अगदी मायक्रोअँपिअरचा प्रवाहही दोनशे-तीनशेपट होऊन एलईडी उजळतो. बेस आणि एमिटर यांच्यामधला १० किलोओहम याचसाठी आहे. नमुना सर्किटमधील हा रेझिस्टर अनेक जण अनावश्यक समजून वगळतात. तो वगळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

८. डायोड न लावताही रिले चालतो. मग तो लावायलाच हवा का?

हवाच. कॉइलमधून वाहणारा ३० मिलिअँपिअरचा प्रवाह ट्रान्झिस्टर बंद होताच थांबायला तयार नसतो, आणि त्या क्षणी कलेक्टरवरील व्होल्टेज १२ वरून उसळी घेऊन ट्रान्झिस्टरच्या सहनशक्तीपलीकडे जाते. बीसी ५४७ कलेक्टर-एमिटरमध्ये ४५ व्होल्टपर्यंतच सहन करतो. पहिल्याच वेळी तो मरत नाही, म्हणून “चालतो” असे वाटते. काही दिवसांनी तो शॉर्ट होतो आणि रिले कायमचा ओढलेला राहतो. डायोड लावला की उसळीचा प्रवाह कॉइलमध्येच फिरून जिरतो आणि कलेक्टर सुमारे १२.७ व्होल्टच्या वर जात नाही. रिले सुटायला काही मिलिसेकंद जास्त लागतात, त्याची चिंता करू नये.

डायोड उलटा लागला, म्हणजे पट्टा कलेक्टरकडे आला, तर ट्रान्झिस्टर चालू होताच १२ व्होल्ट डायोडमधून थेट ट्रान्झिस्टरवर येतात. रिले ओढत नाही आणि ट्रान्झिस्टर पाहता पाहता चटका बसण्याइतका तापतो. अशा वेळी पुरवठा लगेच काढावा आणि नंतर ट्रान्झिस्टर व डायोड दोन्ही तपासावेत. फक्त एलईडीचा भार असेल, तर या डायोडची गरज नाही.

९. रिले ओढतो, पण सुटत नाही.

बेसचा १ किलोओहमचा रेझिस्टर छिद्रातून बाहेर काढावा. रिले सुटला, तर दोष अलीकडे आहे : पिन खऱ्या अर्थाने ‘लो’ (शून्य व्होल्टवर) होत नाही. सुटला नाही, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे (प्रश्न ८) किंवा उलट लागला आहे (प्रश्न १४). टिक असा आवाज येऊन रिले सुटतो आहे, पण त्याच्यावरील दिवा चालूच राहतो, असे असेल, तर रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले आहेत आणि रिले बदलावा लागेल.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. १२ व्होल्टच्या या प्रकारच्या रिलेला ओढण्यासाठी ९ व्होल्टपर्यंत लागू शकतात, पण एकदा ओढला की तो १.२ व्होल्टपर्यंतही धरून राहू शकतो. ४०० ओहमला १.२ व्होल्ट म्हणजे अवघे ३ मिलिअँपिअर. एवढा प्रवाह कोठून तरी पाझरत राहिला, तरी रिले सुटत नाही.

१०. ट्रान्झिस्टर चांगला आहे की गेला, हे मल्टिमीटरवर कसे तपासावे?

तो ब्रेडबोर्डमधून बाहेर काढावा आणि मीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. एनपीएन प्रकारच्या, म्हणजे बीसी ५४७ सारख्या, ट्रान्झिस्टरमध्ये लाल टोक बेसवर ठेवून काळे टोक आधी एमिटरला व नंतर कलेक्टरला लावले असता दोन्ही वेळा ०.६ ते ०.७ च्या दरम्यान आकडा यावा. उरलेल्या चारही जोड्यांत मीटरने काहीच दाखवू नये. बेस-एमिटरचा आकडा बेस-कलेक्टरच्या आकड्यापेक्षा किंचित, काही मिलिव्होल्टने, जास्त असतो. पायांचा क्रम ठाऊक नसताना एमिटर ओळखण्यासाठी हा बारीक फरक उपयोगी पडतो. ट्रान्झिस्टर सर्किटमध्येच ठेवून तपासल्यास कॉइल, डायोड आणि रेझिस्टर यांच्यामुळे आकडे फसवे येतात.

११. ट्रान्झिस्टर गरम होतो. त्यात आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश. हे उन्हामुळे की सर्किटमुळे?

बहुतेक वेळा सर्किटमुळे, परंतु उन्हाचा वाटा आहे. ८० मिलिअँपिअर घेणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी घेऊ. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असेल, तर त्यावर ०.२ व्होल्ट गुणिले ८० म्हणजे १६ मिलिवॅट उष्णता होते आणि बोटाला काहीच जाणवत नाही. तोच अर्धवट चालू राहून ६ व्होल्ट स्वतःवर घेऊ लागला आणि प्रवाह ४० मिलिअँपिअरवर आला, तर २४० मिलिवॅट होतात, म्हणजे प्रवाह निम्मा होऊनही उष्णता पंधरापट. त्यामुळे गरम ट्रान्झिस्टर दिसला की आधी कलेक्टरचे व्होल्टेज मोजावे.

बीसी ५४७ ची उष्णता झेलण्याची मर्यादा डेटाशीटनुसार २५ अंशांना ६२५ मिलिवॅट असते (काही उत्पादक ५०० देतात) आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती ५ मिलिवॅटने घटते. भुसावळच्या मे महिन्यातील ४५ अंशांना ६२५ चे ५२५ होतात, आणि शेतावर उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात ६० अंश झाले, तर ४५० उरतात. शिवाय बेस-एमिटरचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना बरोबर जुळवलेले ‘अंधार पडताच दिवा लावा’ हे एलडीआरचे (प्रकाशानुसार रोध बदलणाऱ्या रेझिस्टरचे) सर्किट मेमध्ये वेगळ्याच वेळी दिवा लावते, त्याचे हे एक कारण आहे. बंद ट्रान्झिस्टरमधून पाझरणारा प्रवाहही तापमान १० अंशांनी वाढले की जवळपास दुप्पट होतो. प्रश्न ७ मधील १० किलोओहम हा पाझर बेसपाशीच ग्राउंडकडे वळवतो.

१२. रिले कलेक्टरऐवजी एमिटर आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावला, तर काय बिघडते?

एमिटर नेहमी बेसच्या ०.७ व्होल्ट खाली राहतो. बेसला ५ व्होल्ट दिले, तर कॉइलला ४.३ व्होल्टच मिळतात, मग पुरवठा १२ असो की २४. १२ व्होल्टचा रिले त्यावर ओढत नाही. गोंधळ होतो तो ५ व्होल्टच्या रिलेमुळे. तो ३.७५ व्होल्टपर्यंत ओढत असल्याने अशा चुकीच्या जागीही चालतो, आणि मग तेच सर्किट नोडएमसीयूला जोडल्यावर २.६ व्होल्टच मिळून बंद पडते. एनपीएनमध्ये भार कलेक्टरच्या बाजूलाच असावा.

१३. पीएनपी ट्रान्झिस्टर लावून १२ व्होल्टची बाजू तोडायची आहे, पण रिले बंदच होत नाही.

पीएनपी ट्रान्झिस्टर बेस एमिटरपेक्षा खाली ओढला की चालू होतो. येथे बीसी ५५७ या पीएनपीचा एमिटर १२ व्होल्टला आहे. तो बंद व्हायचा, तर बेसही १२ व्होल्टच्या जवळ जायला हवा, आणि आर्डुइनो तर ५ व्होल्टच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे पिन ‘हाय’ असो वा ‘लो’, ट्रान्झिस्टर चालूच राहतो. शिवाय १२ व्होल्टकडून बेसच्या रेझिस्टरमधून उलटा प्रवाह आर्डुइनोच्या पिनमध्ये शिरतो आणि पिन निकामी होऊ शकते. यासाठी मध्ये एक बीसी ५४७ घालावा : त्याचा बेस नेहमीप्रमाणे पिनला, एमिटर ग्राउंडला आणि कलेक्टर ३.३ किलोओहममधून बीसी ५५७ च्या बेसला जोडावा. बीसी ५५७ च्या बेस आणि एमिटरमध्ये १० किलोओहम टाकावा. भाराचा पुरवठा आणि पिन दोन्ही ५ व्होल्टच्या असतील, तर मात्र एकटा पीएनपी चालतो. पुस्तकांतील सर्किटे बहुधा तशीच असतात, म्हणून १२ व्होल्टवर ती फसतात.

१४. पाय उलटे लागले होते, तरी रिले थोडाफार हलत होता. मग चूक कळायची कशी?

कलेक्टर आणि एमिटर यांची अदलाबदल झाली, तरी ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही; त्याचा गेन दोनशे-तीनशेवरून एकआकडी संख्येपर्यंत घसरतो. त्यामुळे रिले कधी ओढतो, कधी नुसता थरथरतो. यापेक्षा अवघड लक्षण बंद स्थितीत दिसते. बेस-एमिटर जोड उलट दिशेने जेमतेम ६ व्होल्ट सहन करण्यासाठी असतो. उलट्या लावलेल्या ट्रान्झिस्टरवर १२ व्होल्ट आले की तो जोड झेनरसारखा फुटतो, आणि कॉइलमधून काही मिलिअँपिअर सतत वाहत राहतात. ओढलेल्या रिलेला धरून ठेवायला तेवढे पुरतात (प्रश्न ९ मधील ३ मिलिअँपिअर आठवावेत). पाय सरळ केल्यावर सर्किट चालू लागले, तरी असा ट्रान्झिस्टर पुन्हा वापरू नये, कारण या फुटण्यामुळे त्याचा गेन कायमचा कमी झालेला असू शकतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर हा जोड सहसा फुटत नाही, आणि म्हणून तीच चूक तेथे लपून राहते.

१५. मातीतील ओलाव्यावर चालणारे सर्किट केले. माती सुकत आली की रिले टकटक वाजत राहतो.

काळी माती हळूहळू सुकते, त्यामुळे बेसचा प्रवाहही हळूहळू बदलतो आणि ट्रान्झिस्टर दोन टोकांच्या मधल्या प्रदेशातून (प्रश्न १) फार सावकाश जातो. त्या काळात पुरवठ्यातील किंचित चढउतारानेही रिले ओढतो आणि सोडतो. ट्रान्झिस्टर बदलून हे सुटत नाही. मध्ये एलएम ३९३ हा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी आयसी) घालून त्याच्या आउटपुटवरून धन इनपुटला मोठ्या रेझिस्टरने पुनर्भरण (फीडबॅक) द्यावे, म्हणजे चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी वेगवेगळी राहते.

येथे एक खोच आहे. एलएम ३९३ चे आउटपुट फक्त ग्राउंडकडे ओढते, स्वतःहून वर जात नाही, म्हणून त्याला पुल-अप, म्हणजे आउटपुट पुरवठ्याकडे वर खेचणारा, रेझिस्टर लागतो. तो लावून आउटपुट थेट ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडले, तर ते ०.७ व्होल्टवरच अडकते आणि पुनर्भरणात काही अर्थ उरत नाही. १२ व्होल्टला २.२ किलोओहमचा पुल-अप आणि आउटपुट ते बेस आणखी २.२ किलोओहम ठेवल्यास आउटपुट सहा व्होल्टच्या वर जाते आणि बेसला सुमारे अडीच मिलिअँपिअर मिळतात. मातीतील सळ्यांना सतत डीसी दिल्यास धन बाजूची सळई विद्युत अपघटनाने झिजते, म्हणून त्यांना मोजण्यापुरतेच काही क्षण व्होल्टेज द्यावे.

१६. रिले ओढताच आर्डुइनो रिसेट होतो. आणि नोडएमसीयू सुरू होतानाच रिले एकदा टिक करतो. दोन्ही एकच दोष आहे का?

नाही. पहिला दोष पुरवठ्याचा आहे. रिले ओढताना ५ व्होल्टची पट्टी क्षणभर खचते. रिलेला वेगळा पुरवठा द्यावा, आर्डुइनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये अगदी जवळ १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावावेत, आणि कॉइलचा प्रवाह ज्या तारेने ग्राउंडला परततो, तीच तार आर्डुइनोची ग्राउंड म्हणून वापरू नये. डायोड आहे याचीही खात्री करावी (प्रश्न ८). दुसरा दोष पिनच्या निवडीचा आहे. नोडएमसीयूच्या काही पिना प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वी क्षणभर ‘हाय’ असतात. डी१ आणि डी२ या पिना त्या बाबतीत शांत आहेत, रिले त्यांवर घ्यावा.

१७. मोटरसाठी टीआयपी १२२ लावला, तर मोटर मंद फिरते. मॉसफेट लावला, तर तो तापतो.

टीआयपी १२२ हा डार्लिंग्टन आहे, म्हणजे आत दोन ट्रान्झिस्टर एकामागे एक आहेत. तो पूर्ण चालू असतानाही स्वतःवर सुमारे १ व्होल्ट आणि ३ अँपिअरला २ व्होल्टपर्यंत ठेवून घेतो. ६ व्होल्टच्या मोटरला हे परवडत नाही, १२ व्होल्टच्या मोटरला चालून जाते. मॉसफेट म्हणजे गेट या पायावरील व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर; त्यात दोष बहुधा क्रमांकाचा असतो. आयआरएफझेड ४४एन पूर्ण चालू होण्यासाठी गेटला १० व्होल्ट गृहीत धरलेले आहेत. ५ व्होल्टवर तो अर्धवट राहून तापू शकतो. आयआरएलझेड ४४एन ५ व्होल्टवर पूर्ण चालू होतो, परंतु ३.३ व्होल्टसाठी त्याचीही हमी नाही. गेट आणि सोर्स (एमिटरच्या जागीचा पाय) यांच्यामध्ये १० किलोओहम लावावा, अन्यथा वायर काढल्यावरही गेटवरचा विद्युतभार टिकून मोटर फिरत राहते. मोटरचा प्रवाह ब्रेडबोर्डमधून नेऊ नये (प्रश्न ६).

१८. भाऊ, हे सर्किट जमले. आता याच रिलेवरून विहिरीवरचा पंप चालू करू का?

थेट करू नये. थ्री फेजची मोटर ४१५ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह ओढते; लहान रिलेचे संपर्क तो झेलू शकत नाहीत. ब्रेडबोर्डवर तर २३० व्होल्टही कधी आणू नयेत, कारण त्याच्या ओळींमधले अंतर अवघे २.५४ मिलिमीटर असते. पंपाच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह झेलणारा मोठा रिले) आणि ओव्हरलोड रिले (प्रवाह मर्यादेपलीकडे गेल्यास मोटर बंद करणारा) आधीच असतात. आपल्या रिलेने फक्त त्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा मार्ग जोडायचा किंवा तोडायचा असतो, आणि ओव्हरलोडचा संपर्क त्या मार्गात तसाच राहिला पाहिजे. त्यासाठी सर्किट पीसीबीवर सोल्डर करून बंद डब्यात बसवावे, कॉइलच्या व्होल्टेजला पुरेल असा रिले घ्यावा आणि स्टार्टरमधील जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. कॉन्टॅक्टर सुटताना आर्डुइनो रिसेट होत असेल, तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांची मालिका लावावी. हा कपॅसिटर त्या एसी व्होल्टेजसाठी बनवलेल्या एक्स२ वर्गातील असावा, साधा डिस्क कपॅसिटर तेथे फुटतो. लोडशेडिंगनंतर वीज परत येताच पंप आपोआप सुरू व्हावा की नाही, हे प्रोग्रॅममध्ये आधीच ठरवून ठेवावे. त्या वेळी कोणी विहिरीत उतरलेले असू शकते.